फ्लॉवरचा भात आणि अण्णांची चाल

मी नकला करतो. धंदा म्हणून नाही, खोड म्हणून. शाळेत हेडसरांची नक्कल केली तेव्हा पाठीत धपाटे बसले, त्याच वर्षी गॅदरिंगला तीच केली तर टाळ्या पडल्या. हेडसर तेच, आवाज तोच, फक्त मधे स्टेज आलं. एसटीचा कंडक्टर, लग्नात माइकवर आहेर पुकारणारा माणूस, आमच्या वरच्या मजल्यावरच्या अक्का, सगळे माझ्या गळ्यात भाड्यानं राहतात. पण जी नक्कल मला सगळ्यात भारी जमायची ती मी आता करत नाही. ती आमच्या अण्णांच्या चालीची. अण्णा म्हणजे माझे वडील.

त्या चालीचं सांगायचं तर आधी भाताचं सांगायला लागतंय.

अण्णा मूळचे करमाळ्याकडच्या एका खेड्यातले. तिकडं ज्वारी. सकाळी भाकरी, संध्याकाळी भाकरी, आणि पाहुणा आला तर गरम भाकरी. "भात खायाला कुनाचं तरी लगीन व्हावं लागायचं," असं ते सांगायचे, आणि हे सांगताना पंगतीत बसल्यासारखी मांडी सारखी करायचे. मग सोलापुरात आले, भवानी पेठेत टॉवेलच्या कारखान्यात लागले. आधी माग चालवला, नंतर जॉबर झाले. जॉबर म्हणजे बिघडलेला माग ठीक करणारा. बारा माग एकदम खडखडत असले तरी कुठला चुकतोय ते त्यांना दारातनंच कळायचं. कापडावरनं अंगठा फिरवला की म्हणायचे, "हितं तार गेलीया." तार म्हणजे सुताचा एक धागा, आपण डोळे फाडून बघितलं तरी दिसायची नाही. अंगठ्याला दिसायची.

पगार चालू झाल्यापासून आमच्या घरात रोज संध्याकाळी भाकरी झाली की शेवटी वाटीभर भात असायचाच. तो आल्याशिवाय अण्णांचं जेवण संपायचं नाही. भाकरी संपली की खरकटा हात ताटात तसाच ठेवून बसायचे. मागायचे नाहीत. बसायचे, शेवटच्या एसटीची वाट बघत माणूस फलाटावर बसतो तसे. आई मुद्दाम उशीर करायची.

"अवो, भाताचं इसरलेच की."

"असू दे."

असू दे म्हणायचे आणि हलायचे नाहीत.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी साखरेनं त्यांच्या डाव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट गेलं. कापायला लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. डॉक्टर बोलायच्या आधी घसा साफ करतात, मग पेन दोनदा टकटक वाजवतात, आणि मग, "हं, काय आहे ना काका." हे मी तिथं बसल्याबसल्याच गळ्यात भरून घेत होतो. खोटं कशाला बोलू.

ते म्हणाले, "हं, काय आहे ना काका, दोन गोष्टी. एक, भात बंद, भाकरी एकच. दोन, रोज कामावरनं आल्यावर दोन्ही तळपाय घरातल्या कुणीतरी बघायचे. साखरेनं पाय बधिर झालाय. काटा मोडला तरी तुम्हाला कळणार नाही. आणि पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही, पाय जाईल."

रिक्षात घरी येईपर्यंत आम्ही तिघंही फक्त भाताबद्दल बोलत होतो.

आता वाटतं, दुसरी गोष्ट आमच्या कानावर पडली पण आत गेली नाही. आमच्यात बापाच्या पायाला हात लावायचा तो नमस्काराला. वाकायचं, वरनं शिवायचं, हात छातीला लावायचा. तळवा कोण बघतंय. तळवा दुसऱ्याकडं करून बसायचंसुद्धा नसतं. अण्णा कायम मांडी घालून, तळवे आत दुमडून. आईनं पहिल्या दिवशी एकदा म्हणून बघितलं, "दावा की पाय." अण्णांनी टॉवेल ओढला पायावर. "बगितला मी. चांगला हाय." झालं. दुसरी गोष्ट तिथं संपली. आणि पहिल्या गोष्टीच्या मागं मी हात धुऊन लागलो.

मोबाईलवर एक बाई फ्लॉवरचा भात करताना दिसली. फ्लॉवर किसायचा, परतायचा, झाला भात. साखर वाढत नाही. मी आईला म्हणलं, आजपासनं भात माझ्याकडं. आई म्हणाली, "तुला च्या करता येत न्हाय." मी म्हणलं, "च्यात तांदूळ नसतोय." काय उत्तर होतं ते मला पण माहीत नाही.

पहिल्या दिवशी मी किसलेला फ्लॉवर धुतला, पाणी घातलं आणि कुकरला लावला. भात म्हणल्यावर कुकर, एवढंच डोक्यात. तीन शिट्ट्या. झाकण काढलं तर आत लहान पोराला भरवतात तसलं काहीतरी. अण्णांनी बोट बुडवून बघितलं. "ह्याच्यात भिताडाला चुना द्यायचा का?"

दुसऱ्या दिवशी कळलं की फ्लॉवर पाणी सोडतो, तो पिळून घ्यायचा. फडकं सापडेना. कारखान्यातनं आलेला एक कोरा टॉवेल कपाटात होता, लाल काठाचा. त्यात बांधून पिळला. सोलापुरात जन्म गेला, बाप टॉवेलच्या कारखान्यात, आणि कोऱ्या टॉवेलाला खळ असते, रंग सुटतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. भात गुलाबी झाला आणि चिकट झाला. ताटात वाढला तर अण्णा बराच वेळ बघत राहिले.

"कुनाचं लगीन हाय?"

एक घास तोंडात घातला, जिभेवर फिरवला. "खळ हाय ह्याला. आमच्याच टावेलाची."

आई पदर तोंडात कोंबून हसत होती. अण्णा पण हसले. बोट गेल्यावर पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी वरच्या अक्का वासानं खाली आल्या. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात, भाताचं सगळं कळतं. कढईवरचं झाकण उचलून म्हणाल्या, "अय्यो, झाकण कशाला ठेवला रे? रडतोय तो आत. उघडा ठेव. मीठ शेवटी." मग जमलं. फ्लॉवर धुऊन पंख्याखाली पार कोरडा करायचा, दांडा काढायचा, खिसणीच्या मोठ्या भोकावरनं किसायचा. आजोबांच्या धोतराच्या मऊ तुकड्यात पिळायचा. पसरट कढईत चमचाभर तेल, जिरं, कढीपत्ता, मोठा गॅस, झाकण नाही, आणि उलथणं हातातनं सोडायचं नाही. सात-आठ मिनिटं. दाणा मोकळा होतो, शेवटी मीठ. पिळलेलं पाणी आमटीत. दिसायला अगदी भात. वाटीत दाबून ताटात पालथा घातला तर लग्नातली मूद.

अण्णांनी त्याच्यावर आमटी घेतली, कालवला, सगळा खाल्ला. आणि खरकटा हात ताटात ठेवून बसून राहिले.

मी म्हणलं, "काय झालं?"

"भाजी झाली. आता भात आन."

"हाच भात हाय अण्णा."

"बरं," म्हणाले. उठले नाहीत. आई भांडी घासायला बसली तरी बसलेलेच.

असं पंधरा दिवस. ते रागावले नाहीत. त्या बसण्यानंच मला कसंतरी व्हायला लागलं. आपल्या बापाचं जेवण रोज अर्धवट राहतंय आणि ते आपण अडवून धरलंय असं. मग मी मला येतं ते केलं. मित्राच्या मोबाईलवरनं स्वयंपाकघरात उभं राहून अण्णांच्या मोबाईलवर फोन लावला. ते बाहेरच्या खोलीत, मधे भिंत. घसा साफ केला. पेन नव्हतं, तर गॅसचा लायटर दोनदा वाजवला.

"हं, काय आहे ना काका. रिपोर्ट बघितला तुमचा. आता वाटीभर भात चालेल. पण मुलाच्याच हातचा. बाहेरचा नाही, लग्नातला नाही. मुलगा तांदूळ वेगळा आणतो, तोच."

"बरं डाक्टर," अण्णा म्हणाले. "लई उपकार."

त्या संध्याकाळी फ्लॉवरचाच भात वाढला. अण्णांनी खाल्ला, हात धुतला आणि उठले. मी आतनं बघत होतो. मला त्या क्षणी जे वाटलं ते गॅदरिंगच्या स्टेजवर पण वाटलं नव्हतं.

पुढं रोजचंच झालं.

"कुटला तांदूळ म्हनायचा ह्यो?"

"इंद्रायणी."

"वास न्हाय फार."

"जुना हाय."

"व्हय. जुना मोकळा हुतो."

आणि उठायचे. तीन महिन्यांनी साखर तपासली, खाली आली होती. डॉक्टरांनी शाबासकी दिली, अण्णांचा पाय उलटापालटा करून बघितला, चांगला होता. "रोज बघता ना?" त्यांनी विचारलं. "व्हय," आम्ही तिघं एकदम म्हणालो, शाळेत पोरं हजर म्हणतात तसं. पुढच्या तपासणीला आम्ही गेलोच नाही. साखर चांगली आहे म्हणल्यावर कशाला.

आता चालीचं.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला आम्ही तिघं गेलो होतो. अण्णा पुढं चालत होते. मला मागनं दिसलं, डावा पाय टाकताना ते जरा थांबतायत. नदीत उतरताना माणूस पाण्याचा अंदाज घेतो तसा पाऊल खाली नेतायत, आणि मग एकदम आपटतायत. फट. उजवा सरळ, डावा थांबून फट. नकला करणाऱ्याला असलं काही दिसलं की तो सोडत नाही. घरी आल्यावर मी आईला करून दाखवलं, हात मागं, मान पुढं, उजवा, थांब, फट. आई हसून हसून खाली बसली. अण्णा दारातनं बघत होते. म्हणाले, "मी असा चालतूय व्हय?"

"हुबेहूब," आई म्हणाली.

"बरं हाय की," म्हणाले.

मग कोण पाहुणं आलं की माझा तो आयटम ठरलेला. अक्कांनी तर दोनदा करायला लावला. असा का चालतो आपला बाप, हे मी स्वतःला विचारलं नाही. आईनं विचारलं नाही. मला ती चाल इतकी बारीक पाठ होती की डोळे झाकून चालून दाखवायचो.

एप्रिलात एक दिवस अण्णा कामावरनं एकाच चपलेवर घरी आले. उजव्या पायात चप्पल, डावा अनवाणी. सोलापूरचा एप्रिल, पाळी दुपारी सुटलेली, डांबर चपलेला चिकटतं असलं ऊन. आईनं विचारलं, "चप्पल कुटं हाय एक?" अण्णांनी खाली बघितलं. त्यांना तेव्हा कळलं. "पडली वाटतं कुटंतरी."

आम्ही किती हसलो. पायातनं चप्पल गेली आणि माणसाला पत्ता नाही. मी लगेच तो नवा भाग चालीला जोडला. उजवा, थांब, फट, आणि चप्पल मागं राहते, आणि हा माणूस ऐटीत पुढं. अण्णा पण हसत होते, टॉवेलानं तोंड पुसत. मांडी घालून. तळवे आत.

ते अंतर कारखान्यापासून घरापर्यंतचं. चटका बसला असणार, काही टोचलं पण असणार. त्यांना कळलं नाही. आम्हाला हसू आलं.

मग आठ-दहा दिवसांनी आईला घरात वास यायला लागला. मला म्हणाली, "फ्लावर सडलाय कुटंतरी. रोज आनून टाकतूस, बगत न्हाईस." उन्हाळ्यात फ्लॉवर पिवळा पडून येतो आणि सडला की त्याच्यासारखा घाण वास कशाचा नसतो. दोन दिवस आम्ही स्वयंपाकघर उपसलं. टोपली धुतली, सिलेंडर सरकवला, खिसणी सुद्धा ब्रशनं घासली. मी तेवढ्यात आईची नक्कल करून घेतली, नाक वर, भुवया वर, "फ्लावर सडलाय." तिसऱ्या दिवशी आई अण्णांची चादर झटकायला गेली आणि तिथंच उभी राहिली. मला हाक मारली. नुसतं नाव घेतलं.

फ्लॉवर नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी आईनं घाईत बांधलेली पट्टी सोडली. मी पहिल्यांदा बापाचा तळवा नीट बघितला. टाचेच्या पुढं एवढं काळं, आणि आत खोल. मी त्याचं वर्णन करणार नाही. अण्णा छताकडं बघत होते, लाजल्यासारखे. दुखत नव्हतं त्यांना. तेच वाईट होतं, डॉक्टर म्हणाले.

"चालण्यात फरक कधीपासून पडला होता?"

"गड्ड्यापासनं," मी म्हणलं.

"इतकं नक्की?"

आईनं खाली बघितलं. डॉक्टरांनी पेन वाजवलं नाही त्या दिवशी. साखरेचा रिपोर्ट बघून म्हणाले, "साखर तर छान आहे हो." आणि कागद बाजूला ठेवला. "भात बंदच आहे ना?"

तेवढ्यात अण्णा कॉटवरनं म्हणाले, "रोज वाटीभर खातूय की. तुमीच सांगितलं फोनवर."

"मी? कधी?"

मला वाटलं जमिनीनं आत घ्यावं. अण्णांनी घसा साफ केला. बाजूला सलाईनचं बटण होतं का काय ते नखानं दोनदा वाजवलं. आणि माझ्या बापानं, ज्यानं आयुष्यात कधी कुणाची नक्कल केली नव्हती, माझी केली. मी डॉक्टरांची करतो ती माझी. "हं, काय आहे ना काका. मुलगा तांदूळ येगळा आनतो."

शब्द न् शब्द. मी शेवट जरा घाईनं बोललो होतो, ती घाई पण.

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणलं, "तो फ्लॉवर होता, डॉक्टर. तांदूळ नव्हता."

"माहीत हाय," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडं वळून, हळू, "पेन असं वाजतंय व्हय रं? लायटर हाय त्यो आपला. आन टावेलात एक तार कमी असली तर ह्या बोटाला कळती, रोज कालवून खातूय त्यो भात हाय का फ्लावर, ते कळायचं न्हाय?"

"मग उठायचा कसं? आधी तर बसून राहायचा."

"तू एवडा फोन केलास," अण्णा म्हणाले. "मग उटायला नगं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डावा पाय गुडघ्याखालून काढला.

साखर आम्ही जिंकलो होतो. एक दाणा तांदूळ त्यांच्या पोटात जाऊ दिला नव्हता. मी सहा-सात महिने रोज त्यांच्या ताटाकडं डोळे लावून बसलो, आणि डॉक्टरांनी बघायला सांगितलं होतं ते ताटाच्या खाली, मांडीत दुमडून ठेवलं होतं, हातभर अंतरावर. बघितलं तर मीच होतं सगळ्यात आधी. बघितलं आणि करून दाखवलं.

आता अण्णा घरीच असतात. कारखान्यात दुसरा जॉबर आलाय. नवा पाय बसवायला जखम पक्की भरायला पाहिजे, त्याला वेळ आहे. त्यांची कॉट आम्ही स्वयंपाकघराच्या दाराला लावलीय. मी संध्याकाळी आलो की पहिलं काम उजवा तळवा. टॉर्च घेऊन बघतो, बोटांच्या मधनं बघतो. अण्णा तेवढा वेळ तोंड भिंतीकडं करतात. "बास की," म्हणतात. त्यांना अजून लाज वाटते आणि मला अजून उशिरा आल्यासारखं वाटतं. मग हात धुतो आणि फ्लॉवर किसायला घेतो.

नकला मी घरात बंद केल्या होत्या. अक्का पण विचारायच्या बंद झाल्या. परवा मी फ्लॉवर कढईत टाकला, उलथणं फिरवत होतो. अण्णा कॉटवरनं म्हणाले, "माजी चाल कर की."

मी ऐकलंच नाही असं केलं.

"कर की रं. लई दिस झालं."

आईनं माझ्या हातातलं उलथणं काढून घेतलं. मी बाहेरच्या खोलीत गेलो, अण्णांची चप्पल घातली. दोन्ही चपला. पाय काढल्यानंतर घेतलेला नवा जोड तो, डावी अजून कोरी आहे. हात मागं घेतले, मान पुढं. उजवा. थांब. फट. उजवा. थांब. फट. दारापर्यंत गेलो. अण्णा डोळे मिटून ऐकत होते, मागाचा आवाज ऐकायचे तसे.

"ही न्हाय," म्हणाले. "ही नंतरची. आदीची कर. चांगला चालत व्हतो तवाची."

मी परत सुरुवातीला जाऊन उभा राहिलो. हात मागं घेतले. डोळ्यांसमोर आणायला लागलो, मी शाळेत असताना हे मला सोडायला यायचे, कारखान्याच्या दारातनं बाहेर पडायचे, बाजारात पुढं चालायचे. अण्णा दिसत होते. शर्ट दिसत होता, टॉवेल दिसत होता. पाय कसे पडायचे ते येईना. चांगलं चालणाऱ्या माणसाच्या चालीत बघण्यासारखं काय असतं, म्हणून कधी बघितलीच नव्हती. दोन पावलं टाकली, तिसऱ्याला डावा आपोआप थांबला. फट.

"तशी नव्हती," अण्णा म्हणाले.

"माहीत हाय."

मी परत टाकली. परत फट. आई कढईपाशी उभी होती, हात हलवत नव्हती. फ्लॉवर खाली लागल्याचा वास आला.

"जळतंय तिकडं," अण्णा म्हणाले. "जा. राहू दे. आटवली की दाव."